तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचा परिचय कसा लिहावा

बडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे तत्त्वज्ञानाचे व्याख्यान ठरले की, वक्त्यांनी पाठवलेल्या चार पानी माहितीतून दोन मिनिटांत वाचता येईल असा परिचय तयार करण्याचे काम बहुधा मंडळाच्या चिटणिसांकडे येते.

पदव्यांना एक वाक्य पुरे आहे. नेट-सेटचा उल्लेख गाळला तरी चालतो, पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय मात्र सोप्या मराठीत सांगावा. वक्त्यांनी कोठे शिकवले आणि काय शिकवले, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. अरविंद घोष बडोदा कॉलेजात होते, एवढ्यावरून ते तेथे तत्त्वज्ञान शिकवत असतील असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यांनी तेथे फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले.

खरी मेहनत संशोधनाच्या विषयावर घ्यावी. ‘ज्ञानमीमांसा, भारतीय दर्शने, भाषेचे तत्त्वज्ञान’ ही ओळ जशीच्या तशी वाचली, तर सभागृहाच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा फोन करून, ‘मॅडम, सध्या आपण कोणत्या प्रश्नावर काम करीत आहात?’ असे विचारावे आणि उत्तर प्रश्नाच्याच रूपात लिहावे. समजा, त्यांचा अभ्यास बौद्ध प्रमाणविचाराचा आहे. मग असे लिहिता येईल: ‘विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळते, त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ‘शब्द’ नावाचे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानणारे बौद्ध तार्किक ते नाकारतात. या वादाचा मॅडम अभ्यास करतात.’ आठव्या शतकातील शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथात हा वाद सविस्तर आला आहे, आणि कमलशीलांच्या विवरणासह तो ग्रंथ 1926 साली येथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, हे जोडले तर श्रोते कान टवकारतील. अर्थात, वक्त्यांचा त्या ग्रंथाशी संबंध नसेल, तर बडोद्याच्या अभिमानापोटी तो ओढून आणू नये.

‘प्रकांड पंडित’ यांसारखी विशेषणे काढून टाकावीत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती बहुधा अवघडच वाटतात. मसुदा वक्त्यांना आधी वाचायला पाठवावा आणि त्यांचे पद नेमके विचारून घ्यावे, कारण बोलताना आपण सर्वांनाच प्राध्यापक म्हणत असलो, तरी छापील पत्रिकेत सहायक, सहयोगी आणि प्राध्यापक ही तीन वेगळी पदे आहेत.