रक्तदाब आणि नाडीचे प्रतिक्षिप्त नियंत्रण : या चुका टाळा

शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटते : ‘रक्तदाब कमी झाला की बॅरोरिसेप्टर उत्तेजित होतात आणि मेंदू हृदयाची गती वाढवतो.’ वाक्याचा शेवट बरोबर आहे, पण सुरुवात नेमकी उलटी आहे. मानेतील कॅरॉटिड सायनसच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंतीत असलेले हे बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब ओळखणारे ग्राहक, ताणावर चालतात; दाब वाढून भिंत ताणली गेली की त्यांचे संदेश वाढतात आणि दाब घसरला की ते विरळ होतात. सायनसकडचे संदेश नवव्या मस्तिष्क-चेतेतून आणि कमानीकडचे दहाव्या, म्हणजे व्हेगसमधून, मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलातील न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या पेशीपुंजापर्यंत पोहोचतात. तेथून हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगसच्या पेशींना चेतना मिळते. हृदयाची गती वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिम्पथेटिक चेतांना सतत हाकणाऱ्या पेशींना मात्र मधल्या एका टप्प्यामार्फत लगाम घातला जातो. दाब घसरला की हा लगाम सैल होतो, व्हेगसचा जोर ओसरतो आणि नाडी वाढते. बाणांची आकृती पाठ करणाऱ्यांचा पहिलाच बाण चुकतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागे जातात. मी स्वतः फळ्यावर एकही बाण काढण्याआधी कोपऱ्यात ‘ताण कमी, संदेश कमी’ एवढे लिहितो, आणि सूत्रे घोकून आलेल्यांनाही तेच लिहायला लावतो.

दुसरी चूक मला अधिक खुपते, कारण ती अज्ञानातून येत नाही, घाईतून येते. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकात एका सडपातळ विद्यार्थ्याला दहा मिनिटे झोपवून नंतर उभे करायचे होते. तो सकाळपासून उपाशी होता, हे कोणी विचारले नव्हते. उभे राहिल्यावर अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते, त्यामुळे नाडी वाढावी ही अपेक्षा योग्यच होती. तिसऱ्या मिनिटाला त्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. मी मनगट धरले तेव्हा नाडी मिनिटाला 46 होती. त्याला लगेच आडवे करून पाय वर उचलले. दोनेक मिनिटांत तो हसू लागला. संध्याकाळी त्या गटाची जर्नले तपासली, तर उभ्या स्थितीतील नाडी सगळ्यांनी 112 लिहिली होती. कारण विचारल्यावर उत्तर आले, ‘सर, दाब पडला की नाडी वाढते असेच पुस्तकात आहे.’ वास्तविक त्या मुलाच्या बाबतीत व्हेगसचा जोर अचानक वाढला होता आणि रक्तवाहिन्या आवळून धरणारी सिम्पथेटिक चेतना मागे हटली होती. हीच साधी मूर्च्छा, म्हणजे व्हेसोव्हेगल झटका. वर्षभरात पाहायला मिळाले नसते असे उदाहरण समोर घडले, आणि त्यांनी ते खोडून पुस्तकातला आकडा लिहिला. तेव्हापासून माझ्या वर्गात निरीक्षणाचा आकडा पेननेच लिहायचा असतो. प्रयोगाआधी ‘काय खाल्ले?’ हा प्रश्नही आता मीच विचारतो.

उभ्या व्यक्तीचा दाब हात खाली लोंबकळत ठेवून मोजणे ही याच घाईची बहीण आहे. रक्तदाबयंत्राचा दंडावरचा पट्टा हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला, तर दाब सुमारे सात ते आठ मिमी पारा जास्त दिसतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत सिस्टॉलिक (वरचा) दाब किमान 20 किंवा डायस्टॉलिक (खालचा) किमान 10 ने घसरला तर ती घसरण महत्त्वाची मानतात. लोंबत्या हातामुळे खरी 25 ची घसरण 17 किंवा 18 ची दिसते आणि चक्कर येणाऱ्या रुग्णाला ‘काही नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते. मी हात छातीच्या उंचीवर उचलून स्वतःच्या हाताने आधार देतो, त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. आधीची पाच मिनिटे शांत झोपवणेही वगळू नये. जिना चढून आलेल्याला लगेच आडवे करून घेतलेला आकडा काही कामाचा नसतो.

कॅरॉटिड सायनस दाब मोजतो आणि कॅरॉटिड बॉडी हा लहानसा पेशीपुंज रक्तातील ऑक्सिजन. शेजारी असले तरी दोन्ही एक नव्हेत. दोन्ही बाजूंचे सायनस एकाच वेळी दाबून ‘बघू काय होते’ असे मित्रावर कधीही करू नये. व्यायामात दाब आणि नाडी दोन्ही वाढतात, म्हणून बॅरोरिसेप्टरांचा हा प्रतिक्षेप (बॅरोरिफ्लेक्स) बंद पडला असे लिहू नये. मेंदू तो तेवढ्यापुरता वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो.

‘बॅरोरिफ्लेक्स आयुष्यभर रक्तदाब योग्य ठेवतो’ हेही विधान फार सैलपणे लिहिले जाते. 1973 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ काउली आणि गायटन यांच्या गटाने कुत्र्यांमधील बॅरोरिसेप्टरांचे संदेश तोडले, तेव्हा दाब दिवसभर वरखाली हेलकावत राहिला, पण सरासरी फारशी बदलली नाही. जुनाट उच्च रक्तदाबात तर प्रतिक्षेप नव्या पातळीलाच सरावतो.

शेवटची चूक नाडी मोजण्याची. उभे राहताच गती पंधराव्या ठोक्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि तिसाव्याच्या सुमारास पुन्हा मंदावते, कारण व्हेगस एका-दोन ठोक्यांत प्रतिसाद देतो आणि सिम्पथेटिकला काही सेकंद लागतात. पूर्ण मिनिटभर मोजून सरासरी लिहिणाऱ्याच्या हातून हा चढउतार निसटतो. त्यासाठी उभे राहण्याआधीच ईसीजीची पट्टी सुरू केलेली असावी लागते.