एअर कॅडेट्सनो, या चुका टाळा: दुरुस्तीची घाईच जास्त नडते

बाल्सा या हलक्या लाकडाचं विमानाचं मॉडेल हातातून सुटतं, नाक वर काढतं, हवेत क्षणभर थबकतं, नाक टाकून खाली येतं आणि पुन्हा उसळी घेतं. अशा दोन-तीन उसळ्या झाल्या की जमिनीवर. मग कॅडेट काय करतो? नाकाला मातीचा गोळा चिकटवतो, शेपटीची मागची कड खाली वाकवतो, पंख जरा मागे सरकवतो आणि या वेळी जरा जोरातच फेकतो. सगळं एकदम. आता मॉडेल थेट नाकावर आपटतं, आणि ते कशामुळे आपटलं हे कोणालाच सांगता येत नाही.

ड्रिल असो, फायरिंग असो की उड्डाण, मला हीच चूक सगळीकडे दिसते. मूळ बिघाड छोटा असतो, खरा घोळ दुरुस्तीच्या घाईने होतो.

मॉडेल उडत नाही तेव्हा

फेकण्याआधी दोन गोष्टी बघा. दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवून मॉडेल तोला. आराखड्यावर गुरुत्वमध्याची खूण असेल तर तिथे, नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर ते आडवं राहायला हवं. मग मागून, एक डोळा मिटून पंखांकडे बघा. एका पंखाला पीळ असेल तर मॉडेल त्याच त्या बाजूला वळत राहणार, तुम्ही कितीही सरळ फेका. पीळ वाफेवर धरून हलक्या हाताने काढता येतो.

फेक वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून, आडवी किंवा किंचित खाली. आकाशाकडे भिरकावलेलं चांगलं मॉडेलसुद्धा स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन नाक टाकतं, आणि दोष मॉडेलला लागतो. एकसारख्या तीन फेका करा. तिन्ही वेळा नाक वर जात असेल तर नाकाला मटारच्या अर्ध्या दाण्याएवढी माती लावा, बस्स. पुन्हा तीन फेका. सुळकन खाली जात असेल तर तेवढीच माती काढा. आधी तोल, मग शेपटी आणि वळण सगळ्यात शेवटी. वहीत नोंद ठेवा. कंटाळवाणं आहे, पण स्पर्धेच्या दिवशी तीच वही उपयोगी पडते.

फायरिंग रेंजवर

पहिली गोळी डावीकडे लागली म्हणून दुसरी मुद्दाम उजवीकडे धरायची, ही तर नेहमीची गोष्ट. अशाने पाच गोळ्या पाच दिशांना जातात आणि चूक रायफलची की तुमची, हे शोधायचा मागच राहत नाही. पाचही गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून मारा. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, घट्ट पण बाजूला आला असेल तर साइट (नेम धरायची खूण) हलवायची. ग्रुप विखुरला असेल तर साइटला हातही लावू नका. दोष श्वासात, पकडीत किंवा ट्रिगरवरच्या बोटात आहे.

साइट हलवतानाही अनेकजण उलटी दिशा पकडतात. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकते. पुढची मात्र बरोबर उलट दिशेला.

ट्रिगर झटकला जातो का ते तपासायला जुनी युक्ती आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकामी असल्याची खात्री केलेल्या रायफलच्या नळीवर टोकाजवळ नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं, तर खऱ्या गोळीच्या वेळीही नळी हललेली असते.

स्टिक हातात आल्यावर

पहिल्या उड्डाणांत नजर वेगदर्शकाच्या सुईवर खिळते. वेग कमी दिसला की स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे, सुई हलली नाही म्हणून आणखी पुढे. विमानाला जडत्व असतं. नाक खाली गेल्यावर वेग वाढायला काही सेकंद लागतात. सुई हलेपर्यंत नाक फारच खाली गेलेलं असतं, मग घाबरून स्टिक मागे. बाल्साच्या मॉडेलची तीच उसळी, फक्त आता आत तुम्ही बसलेले आहात.

उपाय म्हणजे क्षितिज नाकाच्या किती वर दिसतंय ते ठरवून तिथेच धरायचं, पाच अंक मोजायचे आणि मगच सुई बघायची. मूठ आवळली गेली असेल तर ती आपली आपल्याला कळत नाही. बुटातली बोटं हलवून बघा, हात आपोआप सैल पडतो. ग्लायडरच्या (बिनइंजिनाच्या विमानाच्या) काचेवर विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारा दोरा असतो; त्याचं मोकळं टोक डावीकडे गेलं तर उजव्या पेडलवर पाय द्यायचा, तोही दाबून धरायचा नाही, नुसता टेकवायचा. आणि प्रशिक्षकाने ‘आय हॅव कंट्रोल’ म्हटलं की ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून हात-पाय काढून घ्या. ‘थोडी मदत’ करणारा कॅडेट सर्वांत धोकादायक.

रेडिओवर चुकलात तर ‘सॉरी, सॉरी’ म्हणत वेळ घालवू नका. त्यासाठी ‘करेक्शन’ हा ठरलेला शब्द आहे. तो म्हणून योग्य मजकूर सांगा. बटण दाबल्यावर अर्धा क्षण थांबा, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो.

परेडवर

पाऊल चुकलं की काहीजण चार-पाच पावलं अडखळत जुळवत राहतात आणि मागची अख्खी रांग बिघडवतात. कदम एकदाच, ठोक्यावर बदला.

सावधानमध्ये गुडघे आवळून बराच वेळ उभं राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. खाऊन-पिऊन या, गुडघे किंचित सैल ठेवा, बुटात बोटं हलवत राहा, पोटऱ्या अधूनमधून आवळा. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली तर पडेपर्यंत तग धरू नका, खाली बसा. रायफल शेजाऱ्याच्या पायावर आपटण्यापेक्षा ते बरं.