उपचार नाकारण्याचे इच्छापत्र कसे करावे

बरे होण्याची आशा उरलेली नसताना आणि स्वतःचे मत सांगण्याची शुद्धही नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली.

सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून हा दस्तऐवज नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी, एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे सोपवावी.

मजकूर मोघम ठेवू नये. ‘त्रास नको’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. कृत्रिम श्वसन, डायलिसिस, नळीवाटे अन्न यांपैकी काय, कोणत्या अवस्थेत नको, हे स्पष्ट लिहावे. तुमच्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकांची नावे घालावीत आणि, माझ्या मते सहीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, त्यांच्याशी समोरासमोर बोलावे, कारण अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांवर अपराधीपणाचे ओझे टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तशी अवस्था आल्यावर रुग्णालयाचे प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळ परिस्थिती तपासते आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. प्राणघातक इंजेक्शनाची मागणी मात्र यात करता येत नाही. वेदनाशमन आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालूच राहायला हवी. मत बदलल्यास इच्छापत्र लेखी स्वरूपात केव्हाही रद्द करता येते.