जुनी बस रंगाला देताना

रंगवाला "पुढच्या आठवड्यात करतो" म्हणाला की माझा जीव खालीवर होतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा कुणासाठी थांबत नाही. सकाळी घासलेल्या पत्र्यावर संध्याकाळी बोट फिरवा, तांबूस भुकटी लागते. म्हणून रंगवाल्याचा बूथ, म्हणजे गाडी रंगवायची बंद खोली, रिकामा झालेला डोळ्यांनी बघा, मगच जुना रंग काढायला द्या. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळवा, घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा ओल अडवणारा पहिला थर, मारून घ्या. चाकांच्या कमानी, पायरीखालचा पत्रा सर्वांत आधी. नुसत्या रेड ऑक्साइडवर, म्हणजे तांबड्या साध्या प्रायमरवर, गाडी महिनोनमहिने ठेवू नका, तो ओल धरतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग नकोच. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आणि काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात दिलेली गाडी पावसात अडकलीच म्हणून समजा.