‘रावे’साठी गोठ्यावर जाताय? या चुका टाळा

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना ‘रावे’त, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात, शेतकऱ्याच्या गोठ्यावर शिकायला मिळतं. ही संधी बहुतेक जण सकाळी अकराला जाऊन घालवतात. तोवर धारा होऊन दूध डेअरीला गेलेलं असतं, शेण उचललेलं असतं. फोटो मिळतात, काम हाताला लागत नाही. पहाटे पाचला हजर राहा, संध्याकाळच्या धारेलाही जा. आणि प्रश्न विचारायचे ते धार काढणाऱ्या माणसाला. अनेक घरांत ती मावशी किंवा काकू असते आणि प्रश्नावली मात्र काकांकडून भरून घेतली जाते. कुठली गाय कशाने बुजते, हे तिलाच ठाऊक असतं.

धार शिकताना अंगठा मुडपून सड ओढू नका, त्याने सडाला इजा होते. पूर्ण मुठीने काढा. सड धुऊन कोरडे केले की पान्हा सुटतो, पण त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. हात भरून आला की लगेच जाणत्या माणसाला बसू द्या. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात घेऊन गुठळ्या दिसतात का पाहा; दिसल्या तर कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराची, शंका घ्या. धार झाल्यावर सडाची तोंडं साधारण अर्धा तास उघडी असतात. तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून गव्हाणीत चारा टाका.

‘फॅट लागत नाही’, म्हणजे डेअरीत दुधाची स्निग्धता कमी भरते, अशी तक्रार आली की विद्यार्थी थेट पेंड वाढवायला सांगतात. आधी धार पूर्ण निघते का बघा, कारण शेवटच्या धारांतच फॅट जास्त असतं. दूध एकाएकी घटलं तर पाणी, माज (जनावर फळायला तयार असण्याचा काळ), कास आणि बदललेला चारा तपासा. पेंड एकदम वाढवली तर पोटात आम्ल वाढून जनावर चारा सोडतं.

माजाची नुसती तारीख लिहून भागत नाही, वेळही लिहा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो का पाहा.

इंजेक्शन टोचायला पुढे होऊ नका, ते पशुवैद्यकाचं काम. एका गोठ्यातून दुसरीकडे जाताना गमबूट जंतुनाशकाने धुवा. लाळ्या-खुरकूत बुटांवरूनही पसरतो.