लग्न पुण्यात, जोडीदार परदेशी: नोंदणीच्या वेळी या चुका टाळा

सून जपानची असो वा जावई जर्मनीचा, घरात आधी कार्यालय बुक होतं, मग केटरर, मग मेंदीवाली. कागदांची आठवण व्हिसाचा अर्ज भरायला बसल्यावर येते. भाषांतराच्या निमित्ताने अशा बऱ्याच फायली माझ्या टेबलावर येतात. त्यातल्या अडचणी नव्या नसतात, पुन्हा पुन्हा त्याच असतात.

एका लग्नाच्या दोन तारखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. व्हिसाची घाई म्हणून फेब्रुवारीत विशेष विवाह कायद्याने रजिस्टर्ड लग्न होतं. मग मे महिन्यात आजीच्या हट्टाखातर कर्वे रोडवरच्या कार्यालयात अक्षता पडतात. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढे. कुणीतरी काका सांगतात, “वॉर्ड ऑफिसात पण नोंदवून टाका, असू दे हाताशी.” गुरुजींची सही, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार असं सगळं जोडून महापालिकेचं दुसरं सर्टिफिकेट निघतं आणि त्यावर तारीख पडते मे महिन्याची.

आता परदेशी अधिकाऱ्यापुढे दोन्ही कागद ठेवून बघा. मे महिन्यात लग्न झालं म्हणता, तर त्या दिवशी तुम्ही आधीच विवाहित होतात. फेब्रुवारीत झालं म्हणता, तर हा दुसरा कागद कशाचा? नुसतं उत्तर द्यायचं तर कठीण नाही, पण त्या पत्रव्यवहारात महिने जातात.

विशेष विवाह कायद्याने लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीने लग्न लागलं. कार्यालयातला सोहळा घरच्यांसाठी. तो थाटात करा, पण परत नोंदवू नका, आणि व्हिसा, पासपोर्ट, कंपनीचा एचआर, विमा, सगळीकडे पहिलीच तारीख लिहा. दुसरं सर्टिफिकेट आधीच काढून बसला असाल तर ते दडवू नका. कागद फाडला तरी रजिस्टरमधली नोंद तशीच राहते. दोन्ही सर्टिफिकेटं जोडून स्पष्टीकरणाचं पत्र द्या आणि ती नोंद रद्द करता येईल का, हे वकिलाला विचारा.

चुकीचा कायदा

सप्तपदी झाली म्हणजे हिंदू विवाह झाला, असं गृहीत धरलं जातं. हिंदू विवाह कायदा, १९५५ साठी दोघंही हिंदू असावे लागतात, आणि या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीखही त्यात आले. हिंदू आणि ख्रिश्चन यांचं या कायद्याखाली झालेलं लग्न वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे धर्म न बदललेल्या जर्मन जावयाशी कार्यालयात होम करून लावलेलं लग्न वॉर्ड ऑफिसात नेण्यात अर्थ नाही. उलट मुलगा सॅन होजेचा, पासपोर्ट अमेरिकेचा, पण घराणं सदाशिव पेठेतलं हिंदू, तर नागरिकत्व आड येत नाही. इथे प्रश्न धर्माचा आहे, पासपोर्टचा नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे विधी नंतर करू, व्हिसासाठी आधी हिंदू विवाहाचं सर्टिफिकेट तेवढं काढून घेऊ. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. विधीच झाले नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि व्हिसासाठी वेळ वाचवायला अशी नोंदणी करण्याच्या पद्धतीवर बोटही ठेवलं. त्या जोडप्याचं सर्टिफिकेट रद्दबातल ठरलं.

आंतरधर्मीय किंवा आंतरदेशीय लग्नाला सरळ रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्याचं गणित मात्र सुट्टीशी जुळवावं लागतं. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. मग नोटीस, मग ३० दिवसांची वाट, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. जोडीदाराला तीन आठवड्यांची रजा असेल तर विमानाचं तिकीट नोटिशीनंतर काढा, आणि नोटिशीच्या वेळी कोणाची हजेरी लागते हे विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच विचारा. नोकरी हिंजवडीत आणि आधार कार्ड साताऱ्याचं, अशांची गाडी पहिल्याच दिवशी अडते. पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा, नोंदणीकृत भाडेकरार असेल तर उत्तम, आधी तयार ठेवा. जोडीदार अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा किंवा वकिलातीचा दाखलाही त्याच यादीत.

‘तिकडेही नोंदवावं लागतंच’ हा समज

देशागणिक उत्तर वेगळं आहे. अमेरिकेची वकिलात परदेशातलं लग्न नोंदवून घेत नाही. ऑस्ट्रेलियातही बाहेर झालेलं लग्न नोंदवता येत नाही. ब्रिटनमध्ये सर्टिफिकेट जमा करून ठेवायची सोय होती, ती १ जानेवारी २०१४ पासून बंद झाली. या तिन्ही देशांसाठी भारतीय सर्टिफिकेट हाच पुरावा. तिकडच्या ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे एजंट मागत असेल तर कशाचे, ते विचारा.

जपानचं उलट आहे. लग्न परदेशात झालं तरी जपानी जोडीदाराने तीन महिन्यांच्या आत ते कळवायचं असतं, मुंबईतल्या कॉन्स्युलेटमध्ये किंवा थेट आपल्या गावच्या नगर कार्यालयात. भारतीय सर्टिफिकेट आणि त्याचं जपानी भाषांतर, खाली भाषांतरकाराच्या नावासह, जोडावं लागतं. कॉन्स्युलेटमार्फत गेलेला कागद कोसेकी या कुटुंब नोंदवहीत चढायला वेळ लागतो. व्हिसाची घाई असेल तर जोडीदाराने तिकडेच द्यावा. कारण पुढे पात्रता प्रमाणपत्राच्या (व्हिसाआधी जपानचं इमिग्रेशन देतं त्या कागदाच्या) अर्जाला लग्नाची नोंद असलेला कोसेकीचा उतारा लागतो. तो नसताना इमिग्रेशनकडे धावून उपयोग नाही. जपानी जोडीदाराला भारतीय जोडीदाराचं आडनाव लावायचं असेल तर लग्नापासून सहा महिन्यांत साध्या अर्जाने होतं, नंतर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते.

जर्मनीत नोंद ऐच्छिक आहे, ती नसली तरी लग्न वैध. पण आडनावाचा निर्णय नोंदवायचा असेल तेव्हा तिचा विचार करावा लागतो. जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मन भाषेची ए-वन ही प्राथमिक परीक्षा बहुतेकांना लागते. त्या तयारीला लग्नाआधीच लागा.

नावं

आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. पासपोर्टवर ‘मृणाल श्रीकांत’ हे पूर्ण ‘गिव्हन नेम’ म्हणून छापलेलं असतं आणि लग्नाच्या अर्जात कुणी फक्त ‘मृणाल’ लिहितं, कुणी मध्ये नवऱ्याचं नाव घालतं. तांदळात नाव लिहून बदललेलं असेल तर तेही घुसतं. परदेशी कारकुनाला या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर तेच हवं. सही करण्यापूर्वी मसुदा मागून घ्या आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बोट फिरवत वाचा. व्हिसा हातात पडेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका.

अपोस्टिल

अपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लागणारा सरकारी शिक्का. पहिलं म्हणजे सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि मग नवी प्रत काढत बसावं लागतं.

महाराष्ट्रातल्या विवाह प्रमाणपत्राचं आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे, बाकी जे बिल येतं ते सेवा कंपनीचं. भाषांतर अपोस्टिल लागल्यावर करा, म्हणजे त्या शिक्क्याचंही भाषांतर होतं.

भारतात ही पद्धत १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पण जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतला असल्याने तिथे भारतीय अपोस्टिल चालत नाही. त्यांच्या वकिलाती कागदांची स्वतंत्र पडताळणी करून घेतात आणि तिला वेळ लागतो. जर्मनीसाठी अपोस्टिल करून आलेली माणसं मला अजूनही भेटतात.

लग्न तिकडेच झालं असेल तर

परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली तिथल्या भारतीय वकिलातीत ते नोंदवता येतं. ते काम तिथे असतानाच उरका, पुण्यात परतल्यावर या कायद्याचा अधिकारी इथे मिळत नाही. जोडीदाराला पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवं असेल तर ही नोंद लांबवू नका. लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं असावं, अशी अट आहे.