रक्त थांबलं तरी फाटक बंदच

कुत्री पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर, आल्याचं बहुतेक घरांत फरशीवरच्या थेंबांवरून कळतं. कुणाला वाटतं पायात काच गेली, कुणाला वाटतं गोचीड चिरडली. आधी शेपटी उचलून बघा. लघवीची जागा, जिला गाईम्हशीवाले निरण म्हणतात, सुजून नेहमीच्या दुप्पट झालेली दिसेल. ती तिथे सारखी चाटत असते, फिरायला नेलं की दर थोड्या पावलांवर थांबून चार थेंब मुतते आणि गल्लीतले कुत्रे त्या जागेला नाक लावून मागे येतात.

पॉमेरेनियनसारख्या लहान जातीत हे सहाव्या-सातव्या महिन्यातच होतं. गावठी कुत्री आणि लॅब साधारण वर्षाच्या आत हीटवर येतात. ग्रेट डेन, कारवान अशा उंच जातींना वर्ष-दीड वर्षही लागतं. दोन वर्षांची झाली तरी काहीच चिन्ह नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे याला सर्रास 'पाळी' म्हणतात आणि सगळा घोळ त्या शब्दाने होतो. बाईचं रक्त जातं तेव्हा गर्भ राहण्याची शक्यता कमी असते. कुत्रीचं उलटं. रक्त आधी येतं, गाभण राहण्याचे दिवस त्यानंतर सुरू होतात. पहिला थेंब दिसला त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा. साधारण पहिले नऊ दिवस लाल रक्त येतं. नर मागे लागतात, पण ती गुरगुरते, खाली बसून घेते. मग रंग फिका पडत पाणचट, गव्हाळ होतो, प्रमाणही घटतं. कमरेवर खाजवलं की शेपटी एका बाजूला वळवून ती स्तब्ध उभी राहते. मालकाला वाटतं, संपलं. फाटक उघडतं. नेमकी याच दिवसांत अंडी सुटतात, सुटल्यावर पिकायला दोन-तीन दिवस घेतात, आणि नराचं वीर्य तिच्या पोटात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतं.

म्हणून हिशोब थेंबांवर करू नका, तारखेवर करा. साधारण तीन आठवड्यांत हीट संपते, पण बंदोबस्त 28 दिवसांचा ठेवा. रोज सकाळी पांढरा टिश्यू हलकेच टेकवून रंग बघा आणि तारखेसमोर लिहा: लाल, गुलाबी, गव्हाळ. सूज पूर्ण उतरली आणि नरांनीही पाठ फिरवली, दोन्ही झालं, तरच मोकळं सोडा. पहिल्या खेपेला शरीर अजून शिकत असतं. कधी रक्त इतकं कमी येतं की ती चाटून साफ करते आणि घरात कुणाला पत्ताच लागत नाही, कधी आठ-दहा दिवसांत सगळं थांबून काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतं. पुन्हा सुरू झालं तर दिवस नव्याने पहिल्यापासून मोजा.

देवघराच्या सोवळ्यापायी तिला या दिवसांत ओट्यावर बांधणारी घरं सोलापुरात अजून आहेत. म्हणजे गल्लीच्या हवाली करणंच झालं. बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही. तिला घरात, आतल्या खोलीत ठेवा. पाच फुटी कंपाउंडच्या भिंतीवर विसंबू नका. नर उडी मारतो, फाटकाखालची माती उकरून आत येतो. फाटकाच्या गजांतूनही जोडी लागते, त्यामुळे खालचे दोन-अडीच फूट पत्रा किंवा फळी लावून झाका. गच्चीवर कोंडणं हा उपाय नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा म्हणजे भट्टी. घरात नर कुत्रा असेल तर मध्ये दोन दारं हवीत. तिचा भाऊ असो की बाप, नराला नातं कळत नाही.

फिरवायचं पहाटे उजाडायच्या आत आणि रात्री नऊनंतर. डांबर थंड असतं आणि गर्दीही कमी. कंबर तलावाकडे किंवा मोकळ्या मैदानावर नेऊन साखळी सोडायची सवय महिनाभर बंद. चार फुटी पट्टा, गळ्यात कॉलर आणि अंगात हार्नेस, दोन्हीला अडकवलेला. नर अंगावर आला की घाबरून ती कॉलरमधून डोकं काढून घेते. सोबत पाण्याची बाटली ठेवा आणि दाराजवळ मुतली तर वर पाणी ओता. दाराशी जमलेल्या कुत्र्यांना दगड मारू नका, ते आपसांत भांडायच्या बेतात असतात आणि चावा तुम्हाला बसतो. तिची रेबीजची लस चालू आहे ना, तेवढं बघून घ्या.

डायपर फरशी वाचवतो, गर्भ राहणं थांबवत नाही. हे दुकानदार सांगत नाही. तयार डायपर नको असेल तर लहान मुलाची सुती चड्डी घ्या, शेपटीसाठी दोन बोटं जाईल एवढं भोक पाडा, आत सॅनिटरी पॅड चिकटवा. कमरेच्या इलास्टिकखाली दोन बोटं सैल जायला हवीत. कारवान, मुधोळ यांची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यांच्या अंगावर चड्डी टिकत नाही. पाठीवरून एक पट्टी नेऊन हार्नेसला बांधा. दर तीन-चार तासांनी पॅड बदला. दिवसातून काही तास ती उघडी राहू द्या, नाहीतर पुरळ उठतं. जागा पुसायला कोमट पाण्यात पिळलेला कापूस पुरे. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका, नाजूक कातडी भाजून निघते.

अंथरायला जुन्या सोलापुरी टॉवेलसारखं दुसरं काही नाही. चार टॉवेल आलटून पालटून वापरा. नळाला रोज पाणी येत नसेल तरी धुण्याआधी अर्धा तास गार पाण्यात भिजवाच. गरम पाण्यात टाकले की रक्ताचा डाग पक्का बसतो.

खाणं दोन-तीन दिवस कमी होईल. जबरदस्ती नको. भाकरी ताकात कुस्करून, उकडलेलं अंडं घालून द्या. शेंगाची चटणी नको, त्यातला लसूण कुत्र्याला घातक. किलोमागे दिवसाला 50 ते 60 मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. ती कण्हली म्हणून घरातलं क्रोसिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

एवढं करून जोडी लागलीच तर काठी, पाण्याची बादली, ओढाओढ यातलं काही करू नका. नराच्या इंद्रियाची गाठ आत फुगलेली असते. जोर लावला तर दोघांनाही जखम होते. दहा मिनिटं ते अर्धा तास लागेल. तिचं डोकं धरून शांत उभं राहा. सुटल्यावर तारीख लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून देऊ नका. भटक्या नराकडून संभोगातून पसरणारी गाठही येऊ शकते. पुढे काही महिन्यांत तिथून पुन्हा रक्त ठिबकू लागलं तर हीट समजून सोडून देऊ नका. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तब्येत सुधारते' याला काही आधार नाही. पहिल्या हीटला तिची हाडंच पुरती भरलेली नसतात.

हीटनंतरचे दोन-अडीच महिने लक्ष ठेवायचे. गाभण नसतानाही ती अंथरूण उकरेल, चप्पल पिल्लासारखी कुशीत घेईल, आचळांत दूधही उतरेल. दूध पिळू नका, पिळलं की आणखी येतं. दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण ती पाणी भसाभस पिऊ लागली, खाणं सोडलं, उलट्या, मलूलपणा किंवा घाण वासाचा स्राव दिसला तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता आहे. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतच नाही, पोट मात्र फुगू शकतं. तेव्हा उद्याची वाट बघायची नाही.

पिल्लं नकोच असतील तर नसबंदी करून टाका, हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. हीटमध्ये त्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हीट लांबवण्याचं इंजेक्शन मागू नका, त्यानेच पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. नसबंदी करणार नसाल तर त्याच कॅलेंडरवर सहा महिने पुढे आणखी एक खूण करा आणि तोवर फाटकाचा पत्रा काढू नका.